सेलचं कूळ, सेलचं मूळ

जीवशास्त्राच्या वर्गात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्यात त्याला चिमुकल्या खोल्या दिसल्या, त्या पाहून मठातल्या साधूंच्या कोठड्या आठवल्या आणि त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं. गोष्ट छान आहे. फक्त हूकच्या पुस्तकात ती सापडत नाही. 1665 साली निघालेल्या ‘मायक्रोग्राफिया’च्या अठराव्या निरीक्षणात साधूही नाहीत आणि मठही नाही. तिथे आहे ते मधाचं पोळं. बुचाची जाळी पोळ्यासारखी दिसते, पण पोळ्याइतकी रेखीव नाही, असं तो म्हणतो. त्या पोकळ्यांना तो कधी ‘पोअर’ म्हणतो, कधी ‘सेल’, तर कधी चक्क ‘पेट्या’. आपण विज्ञानाला एक नवी संज्ञा देतोय असा आव त्याच्या लिहिण्यात कुठेच नाही.

त्याला कोडं पडलं होतं ते वेगळंच. बूच इतकं हलकं का, पाण्यावर तरंगतं का, दाबलं की दबतं आणि सोडलं की पुन्हा फुगतं ते का? म्हणून त्याने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली, बुचाचा काप काढला, आणि तो पांढुरका असल्याने उठून दिसावा म्हणून काळ्या पट्टीवर ठेवला. मग मोजदाद केली. एका इंचात एका ओळीत अशा 1080 पोकळ्या बसतात, म्हणजे एका घन इंचात 1,25,97,12,000. जवळपास सव्वाशे कोटी! बूच हलकं असण्याचं कारण त्याला मिळालं: त्यात सगळी हवाच. खरं तर तो पाहत होता ती रिकामी घरं होती. राहणारे केव्हाच मरून गेले होते, मागे भिंती तेवढ्या उरल्या होत्या. जीवनाच्या मूळ घटकाला आपण जे नाव दिलं, ते मढ्याच्या भिंती पाहून सुचलेलं आहे.

आता हूकच्या हाताशी हा शब्द आला कुठून? लॅटिनमधला ‘सेल्ला’ म्हणजे लहान खोली, त्यातही सामान साठवण्याची. रोमन शेतकऱ्याच्या घरी दारूची सेल्ला, तेलाची सेल्ला असायची. इंग्रजीतलं तळघर, ‘सेलर’, त्याच घरातलं. रोमन देवळात मूर्ती जिथे असे तो गाभारा म्हणजे सेल्ला. गुलामांच्या झोपायच्या खोल्या, वेश्यागृहातल्या खणवजा खोल्या, त्याही सेल्लाच. देव, दारू आणि गुलाम यांना एकच शब्द पुरत होता, कारण शब्दाचं लक्ष आत कोण आहे याकडे नव्हतंच. ते होतं आडोशाकडे. व्युत्पत्तिकोश या शब्दाचं मूळ ‘झाकणे, लपवणे’ अशा अर्थाच्या एका आदिम धातूत दाखवतात, आणि इंग्रजी ‘हॉल’ व ‘हेल’ यांच्या बरोबरीने आपल्या ‘शाला’लाही त्याच कुळात बसवतात. ते खरं धरलं तर शाळा आणि सेल ही चुलत भावंडं ठरतात. काही विद्यार्थ्यांना यात नवल वाटणार नाही.

पोळ्यातल्या घरांनाही रोमन कवी सेल्लाच म्हणत. व्हर्जिलने मधमाश्यांवर लिहिताना हा शब्द वापरला आहे. म्हणजे हूकने पोळ्याची उपमा दिली तेव्हा सोबत येणारा शब्द सोळाशे वर्षांहून जुना होता. मध्ययुगात तर युरोपीय पंडितांनी माणसाच्या डोक्यातही सेल बांधले होते. मेंदूत तीन पोकळ्या असतात, पुढच्या खोलीत कल्पना, मधल्या खोलीत विचार आणि मागच्या खोलीत स्मरण राहतं, अशी त्यांची समजूत. या खोल्यांचं लॅटिन नाव ‘सेल्युला’, म्हणजे छोटी सेल्ला. ‘ब्रेन सेल’ हा शब्द जणू पेशीचा शोध लागण्याच्या शेकडो वर्षं आधीच बनून तयार होता, फक्त त्याचा अर्थ यायचा होता.

साधू या कथेत आहेत, पण दुसऱ्या वाटेने. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती विरक्तांनी एकमेकांपासून अंतर राखून झोपड्या बांधल्या. त्या वस्तीचं नावच ‘केल्लिया’ पडलं, म्हणजे ‘कोठड्या’. एकटं राहायचं, पण हाकेच्या अंतरावर आपल्यासारखाच दुसरा एकटा असायचा, अशी ही रचना. पुढे हीच रीत आयर्लंडपर्यंत गेली. किलकेनी, किल्डेअर अशा आयरिश गावांच्या नावातलं ‘किल’ म्हणजे साधूची कोठडी किंवा त्याचं चर्च.

आपल्याकडे हे काम त्याआधी कातळात झालं होतं. कार्ले, कान्हेरी, अजिंठा इथल्या विहारांत मधल्या दालनाभोवती भिक्षूंच्या खोल्या ओळीने कोरलेल्या आहेत; काहींत दगडी ओटा, तोच बिछाना. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, एक ब्राह्मी लेख आहे. क्षत्रप नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली दान दिल्याची नोंद त्यात आहे. खोलीसाठी तिथे शब्द आहे ‘ओवरक’. संस्कृत ‘अपवरक’चा तो प्राकृत अवतार, आणि त्याच वाटेने आलेली आपली ‘ओवरी’. जेजुरीला किंवा आळंदीला देवळाच्या ओवरीत पथारी टाकणाऱ्या वारकऱ्याच्या तोंडी अजून तो शब्द आहे. ‘अपवरक’ही ‘झाकणे, आडोसा करणे’ या अर्थाच्या धातूवरूनच आला आहे. लॅटिनशी त्याचा काही संबंध नाही, तरी दोन्हीकडे आधी आडोसा आणि मग खोली.

या बिंदूपासून सेलच्या दोन वाटा होतात असं मला वाटतं. एक वाट पोळ्याची: खूप खोल्या, एकमेकींना चिकटलेल्या, सगळ्या मिळून एक काम करणाऱ्या. दुसरी कोठडीची: खोल्या तेवढ्याच, पण भिंत यासाठी की शेजारच्याशी संबंध येऊ नये. पुढे ज्याने ज्याने हा शब्द उचलला, त्याने यातली एक वाट धरली.

कोठडीची वाट तुरुंगात गेली. अठराव्या शतकापर्यंत युरोपातले तुरुंग म्हणजे कोंडवाडे. चोर, कर्जबुडवे, वेडे, पोरं, बाया सगळे एका खोलीत. 1704 साली पोप अकरावा क्लेमेंट याने रोममध्ये सान मिकेले इथे मुलांसाठी सुधारगृह काढलं आणि प्रत्येकाला वेगळी कोठडी दिली. पोपच तो, त्याच्या डोळ्यांसमोर मठ असणार. साधूला एकांताने देव भेटतो, तर गुन्हेगाराला निदान पश्चात्ताप तरी भेटेल, हा हिशेब. इंग्रज सुधारक जॉन हॉवर्ड याने ही कल्पना उचलून धरली, आणि अमेरिकेतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी ती टोकाला नेली. 1829 साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरीत कैदी जेवायचा, काम करायचा आणि झोपायचा ते एकट्याने, त्याच कोठडीत. बाहेर काढताना तोंडावर बुरखा, म्हणजे कुणी कुणाला ओळखू नये. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये ते पाहून आला आणि शरीराच्या छळापेक्षा हा मनाचा छळ वाईट असं त्याने लिहिलं. त्याचं बरोबर होतं. साधू कोठडीत स्वतःहून जातो, आणि दाराची कडी त्याच्या बाजूने असते, एवढी साधी गोष्ट सुधारकांच्या ध्यानात आली नाही.

त्याच विचाराची इमारत इंग्रजांनी 1896 ते 1906 या काळात पोर्ट ब्लेअरला उभी केली. मधे मनोरा, त्यातून फुटलेल्या सात भुजा, आणि त्यांत सुमारे सातशे कोठड्या. बराकी नाहीतच, नुसत्या एकेकट्याच्या कोठड्या, म्हणून नाव सेल्युलर जेल. प्रत्येक भुजेचं तोंड पुढच्या भुजेच्या पाठीकडे, म्हणजे समोर पाहिलं तरी दिसणार भिंतच. मराठी माणसाला हे नाव सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे पाठ आहे. सावरकर 1911 च्या जुलैत तिथे पोचले तेव्हा थोरले बंधू बाबाराव आधीपासून तिथे होते, पण एका आवारात असूनही भावाभावांची भेट दुर्मीळ. हिंदुस्थानातल्या अनेकांच्या कानावर ‘सेल्युलर’ हा शब्द पहिल्यांदा पडला तो असा, काळ्या पाण्याचं विशेषण म्हणून. नव्वदीच्या दशकात तोच शब्द चकचकीत जाहिरातीत फोनचं विशेषण होऊन आला तेव्हा जुन्या पिढीतल्या कुणाला तरी तो खटकला असेल.

पोळ्याची वाट शरीरात गेली. हूकनंतर दीडशेहून जास्त वर्षं या शब्दाने फारसं काही केलं नाही. मग जर्मन शास्त्रज्ञांपैकी 1838 मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि 1839 मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं की सगळे सजीव याच घटकांचे बनलेले आहेत. गंमत अशी की प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते, असतं ते नुसतं पातळ पटल. म्हणजे ज्या भिंतीवरून नाव पडलं तीच गेली, आणि रिकामी खोली म्हणून जिची ओळख झाली ती आतून खचाखच भरलेली निघाली. नाव मात्र बदललं नाही. 1858 मध्ये बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने आजाराचं मूळ पेशीत शोधायला सांगितलं. शरीर हे पेशी नावाच्या नागरिकांचं राज्य आहे, ही त्याची लाडकी कल्पना. स्वतः फिर्खो प्रशियाच्या विधिमंडळात बिस्मार्कशी भांडणारा उदारमतवादी पुढारी होता, तेव्हा त्याला शरीरातही प्रजासत्ताक दिसावं यात आश्चर्य नाही.

मराठीने या सेलला ‘पेशी’ म्हटलं, आणि त्यातून एक घोळ झाला. सुश्रुताच्या लेखी पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायूच म्हणा ना. शरीरात अशा पाचशे पेशी त्याने मोजल्या आहेत. हिंदीने तो अर्थ ‘मांसपेशी’त सांभाळला आणि सेलसाठी ‘कोशिका’ घेतला. आपण पेशी सेलला देऊन टाकली, आणि मसलसाठी ‘स्नायू’ घेतला, जो आयुर्वेदात सांधे बांधणाऱ्या दोऱ्यांचं नाव होता. सीमेवरच्या गावात हिंदी माध्यमातून मराठी माध्यमात आलेल्या मुलाचं काय होत असेल! पण विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात लोकांनी पेशीचीही वाट पाहिली नाही. तांबड्या पेशींना कोयत्याचा आकार देणारा आनुवंशिक आजार तिथल्या आदिवासी पाड्यांवर ‘सिकलसेल’ म्हणूनच ओळखला जातो. कुणी सिकलसेलग्रस्त असतो, कुणी सिकलसेल वाहक, आणि लग्न जुळवताना दोन वाहकांची गाठ पडू नये म्हणून रक्त तपासून घ्या, असं आरोग्य कर्मचारी सांगत फिरतात. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशी पाहून त्यांचं वर्णन छापलं, तिथून हा शब्द पाड्यावर पोचला.

सेलची एक फांदी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती बाजारात शिरली. फ्रेंच रसायनतज्ज्ञ पायेन याने 1838 च्या सुमारास वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतला पदार्थ वेगळा काढला, त्याला नाव पडलं सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून कापूर मिसळला तर सेल्युलॉइड होतं. सेल्युलॉइडच्या पट्टीवर चित्रं घेता येतात. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो याच पट्टीवर, म्हणजे हूकने पाहिलेल्या भिंतींच्याच नातवंडावर. दुसरं नातवंड सेलोफेन. त्याच्या चिकटपट्टीचं नाव 1937 मध्ये लंडनमध्ये ठेवताना ‘सी’ऐवजी ‘एस’ घातला, कारण सेलोफेन हे नोंदणी झालेलं नाव होतं. देवनागरीत आल्यावर ही सगळी खबरदारी वाया गेली. आपला सेलोटेप आणि सेलोफेन एकाच ‘से’ने सुरू होतात. दुकानात लागणारा ‘सेल’ही आपण तसाच लिहितो. त्याचं कूळ निराळं, तो उत्तर युरोपातल्या ‘विकणे, देणे’ या शब्दांतून आला. दिसायला सारखा म्हणून त्याला या वंशावळीत घेता येत नाही.

विजेचा सेल मला या खानदानातला सर्वांत गुणी वाटतो. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने 1800 मध्ये वीज देणारी दोन साधनं जगापुढे मांडली. एक धातूच्या चकत्यांची चळत. दुसरं, मिठाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यांची रांग. चळतीतला ओला पुठ्ठा वाळायचा, पाणी गळायचं. इंग्लंडच्या विल्यम क्रुकशँकने मग लाकडी खोका घेतला, त्यात जस्त-तांब्याच्या जोडपट्ट्या उभ्या बसवल्या, आणि त्यांच्यामधल्या खणांत द्राव ओतला. हे खण म्हणजे सेल. पट्टी हीच भिंत, आणि भिंतीच्या अल्याड-पल्याडच्या खोल्या एकमेकींशी जोडलेल्या असल्या तरच वीज वाहणार. पोळ्याची वाट इतकी उघड दुसरीकडे कुठेच नाही. अशा अनेक सेलना मिळून ‘बॅटरी’ म्हणायचं. हा शब्द बेंजामिन फ्रँकलिनने तोफांच्या रांगेवरून घेतला होता.

इंग्रज आणि अमेरिकन माणूस आता एका सुट्या सेललाही बॅटरीच म्हणतो. मराठी घरात तसं होत नाही. इथे बॅटरी म्हणजे रात्री शेतावर न्यायची विजेरी, आणि तिच्यात घालायचे ते सेल: जाडे सेल, पेन्सिल सेल, घड्याळाचा बटण सेल. दोन-तीन सेल मिळून एक बॅटरी होते, हे क्रुकशँकचं शास्त्र आपल्या बोलण्यात बिनचूक टिकलं आहे, आणि तेही कुणी न शिकवता. शाळेच्या पुस्तकात मात्र सेल नाही, ‘विद्युत घट’ आहे. हा शब्द पुस्तकी म्हणून हसण्यावारी नेला जातो, पण व्होल्टाचे ते पेले आठवले तर घट म्हणणाऱ्याने इंग्रजांपेक्षा मुळाशी जास्त इमान राखलं, असं म्हणावं लागेल.

फोनच्या सेलची कल्पना निघाली ती अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, डिसेंबर 1947 च्या एका अंतर्गत टिपणात. त्याआधी गाडीतून बोलायचे फोन होते, पण शहरभर एकच उंच मनोरा आणि मोजके ध्वनिमार्ग. चार-दोन माणसं बोलायला लागली की बाकीच्यांनी थांबायचं. डग्लस रिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शहराचे लहान तुकडे पाडायला सांगितलं. प्रत्येक तुकड्याला आपला छोटा मनोरा, शेजाऱ्याहून वेगळ्या लहरी. दोन-तीन तुकडे पलीकडे गेलं की त्याच लहरी पुन्हा वापरायच्या. नकाशावर तुकडे वर्तुळाकार काढले तर मधे फटी राहतात, म्हणून षटकोन काढले. झालं पोळं! नाव शोधायला लांब जायची गरजच नव्हती. यंत्रं तयार व्हायला मात्र तीसेक वर्षं गेली. टोकियोत अशी सेवा 1979 मध्ये सुरू झाली, आणि भारतात 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला फोन लावला. माणसं जितकी दाट तितके सेल लहान करावे लागतात. दादर स्टेशनच्या परिसरात आपण फुलबाजार ओलांडेपर्यंत फोन आपल्याला न सांगता एका सेलमधून दुसऱ्यात गेलेला असू शकतो. आपण मराठीत या यंत्राला मोबाईल म्हणतो, पत्रिकेवर भ्रमणध्वनी छापतो. ‘सेलवर कर’ असं म्हणणारा नातेवाईक बहुधा न्यू जर्सीचा असतो.

एक्सेलमधल्या सेलबद्दल लांबण लावण्यासारखं काही नाही. एका पानात 1,048,576 ओळी आणि 16,384 उभे रकाने, म्हणजे सतराशे कोटींहून जास्त सेल; हूकचं तेरा-चौदा घन इंच बूच झालं. पण या सेलला मराठीत काय म्हणावं यावर कधी कधी वाद होतो, तेव्हा मला वाटतं की उत्तर सोंगट्यांच्या पटावर पडलेलं आहे. बुद्धिबळात घर, पोळ्यात घर, काजाचं घर, तर एक्सेलमध्येही घरच. आणि अख्ख्या तक्त्याला आपण ‘कोष्टक’ म्हणतो, ते ज्या ‘कोष्ठा’वरून आलं त्याची कहाणी तर सेल्लाची जुळी आहे. कोष्ठ म्हणजे धान्याची साठवण. त्यातून कोठार, कोठी, कोठडी. पोटाच्या आतला कोठा, जो साफ राहावा म्हणून आजी एरंडेल पाजते. आणि आखलेल्या घरांचं कोष्टक. कोठारापासून निघून तुरुंग, शरीर आणि हिशेबाच्या वहीपर्यंत हाही शब्द जाऊन पोचला, रोमला न विचारता.

राहिला राजकारणातला सेल. रशियन भाषेत ‘याचेयका’ म्हणजे जाळ्यातलं किंवा पोळ्यातलं घर. बोल्शेविकांनी कारखान्याकारखान्यात, पलटणीपलटणीत आपले छोटे गट बांधले त्यांना हे नाव मिळालं, आणि 1920 च्या दशकात कम्युनिस्ट चळवळीबरोबर भाषांतर होऊन ते जगभर ‘सेल’ म्हणून पसरलं. या सेलमध्ये प्रथमच दोन्ही वाटा एकत्र आल्या. गट एकमेकांना जोडलेले, तरी एका गटातल्याला दुसऱ्या गटातली नावं माहीत नसायची. एक पकडला गेला तर बाकीचे वाचावेत, म्हणून मधे भिंत. खुद्द रशियात पक्षाने 1934 मध्ये हा शब्द काढून ‘प्राथमिक संघटना’ असं सरकारी नाव घेतलं.

आपल्याकडे उलट घडलं. पोलिसांना चुकवणाऱ्यांचा शब्द पोलिसांनीच घेतला, म्हणून आता सायबर सेल आहे, अमली पदार्थविरोधी सेल आहे. पक्षांचे आयटी सेल आहेत, कॉलेजात प्लेसमेंट सेल आहे, मंत्रालयाच्या पाट्यांवर त्याचं ‘कक्ष’ असं भाषांतर आहे. आणि दरवर्षी बारावीचा निकाल लागला की लाखभर घरांत ज्याच्या नावाने बोटं मोडली जातात तो सीईटी सेलही आहे. त्याची वेबसाइट उघडत नाही, कॅप राउंडची तारीख पुढे जाते, बाबा कागदपत्रांच्या झेरॉक्स घेऊन सायबर कॅफेत ताटकळतात, आणि हा सेल नेमका कुठे बसतो ते त्यांना कुणी सांगत नाही.